२२ जण, ८ केबिन आणि आमचे काका

आजीच्या पंच्याहत्तरीला सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं हे ठरलं होतंच, पण क्रूझचं खूळ कोणी काढलं हे आता कोणी कबूल करून नाही राहिलं. नागपूरच्या माणसाला पाणी म्हणजे अंबाझरी नाहीतर फुटाळा, त्यात एकदम मुंबई-गोवा जहाज म्हटल्यावर सगळे खूश. बुकिंगचं काम अर्थात माझ्या गळ्यात.

आधी दिवस ठरवा. पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ नसतेच, दिवाळीत रेट आभाळाला, डिसेंबरात आपल्याकडे हिवाळी अधिवेशन म्हणजे शुक्रवारी मुंबईकडे जायला ना ट्रेन ना विमान. म्हणून जानेवारी.

मग कोटेशन. एका एजंटने 'पर हेड' असा काही भारी आकडा सांगितला की काका लगेच ॲडव्हान्स द्यायला निघाले. मी म्हटलं थांबा जरा, हा रेट एका केबिनमध्ये चौघं धरून आहे. क्रूझवाले भाडं माणशी सांगतात पण ते एका केबिनमध्ये दोघं धरून असतं, तिसऱ्या-चौथ्याला स्वस्त पडतं, आणि त्याने सगळ्यांची सरासरी काढून सांगितली होती. वरून पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी (म्हणजे जहाजावरच्या स्टाफची टिप), जीएसटी वेगळं! आता ते तिसरं-चौथं बेड म्हणजे काय, तर भिंतीतून खाली उघडणारा बर्थ, त्यावर शिडीने चढायचं. आजीला चढवता का तिथं? का गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या मोठ्या काकूंना?

मी सरळ कागद घेऊन बसलो. आजी आणि आत्या एक केबिन, तिन्ही काका-काकू एकेक, लेकरंवाल्या तीन फॅमिली चौघं-चौघं, आणि उरलेले दोन बॅचलर भाऊ एकात. झाल्या आठ. आजीची केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर मागितली, तिथं डोलणं कमी जाणवते. खिडकी नाही म्हणून आत्या रुसली, पण उलट्या करण्यापेक्षा बरं ना बापा. बाल्कनी फक्त मधल्या काकांनी घेतली, स्वतःच्या पैशाने, त्यामुळे संध्याकाळी सगळे तिथंच घुसणार हे त्यांना अजून समजलं नाही.

खरी कटकट कागदपत्रांची. गोव्यापर्यंतच आहे म्हणून पासपोर्ट नको, आधार चालते, पण नाव आधारवर जसं आहे तसंच पाहिजे. आमच्या घरी एकीच्या आधारवर माहेरचं आडनाव, एकाचं स्पेलिंगच वेगळं. ग्रुपवर फोटो मागितले तर अर्धे उलटे, अर्ध्यांवर अंगठा. चुलत वहिनीला दिवस गेलेत, तिला मी आधीच डॉक्टरला विचारायला सांगितलं, कारण चोवीस आठवड्यांच्या वर जहाजावर घेत नाहीत आणि जानेवारीत ती बाविसाव्यात असेल. बसते, पण काठावर.

आता ट्रेन. रेल्वेचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडते, क्रूझचे पैसे त्याच्याही आधी भरले. एका तिकिटावर सहाच जण, म्हणजे चार पीएनआर, चार मोबाइल, सकाळी आठला चौघं तयार. काकांचं म्हणणं, "समृद्धीने टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन जाऊ, सातशे किलोमीटर तर आहे, सकाळी निघालो का संध्याकाळी मुंबईत." म्हटलं, दुरांतो असो का समृद्धी, जहाजाच्या आदल्या दिवशीच पोचायचं. ट्रेन लेट झाली तर जहाज काही आपल्यासाठी थांबत नाही. एक रात्र सीएसएमटीजवळ हॉटेल, तिथून बॅलार्ड पिअरचं टर्मिनल टॅक्सीने अगदी जवळ.

जेवण भाड्यातच आहे, जैन जेवणही मिळते, दारू वेगळी आणि बाहेरची नेता येत नाही, हे वाचल्यापासून बॅचलर भावांचा चेहरा उतरला आहे. काकांनी काल परत फोन केला, "सावजी मसाला नेता येईन का रे?" मी बॅगेजचे नियम पाठवून दिले, ब्लू टिक आली, उत्तर अजून नाही.