रंग नवा, चाल जुनी : जुन्या विगल वॉर्टचं रंगकाम

अमेरिकेत मिझुरी-आर्कान्सा सीमेवरच्या टेबल रॉक तलावावर थंडी सरता सरता बास मासे धरणारे लोक प्लॅस्टिकच्या एका बुटक्या, पोटफुग्या लुअरसाठी, म्हणजे गळाच्या नकली आमिषासाठी, आजही जुनी खोकी उपसतात. तो म्हणजे स्टॉर्म कंपनीचा विगल वॉर्ट. लांबी सुमारे ५ सेंटिमीटर, वजन ११ ग्रॅमच्या आसपास. ओक्लाहोमातल्या नॉर्मनची ही कंपनी १९९९ मध्ये रापाला या फिनलंडच्या लुअर कंपनीने घेतली. त्याआधीच्या मालाला तिकडे ‘प्री-रापाला वॉर्ट’ म्हणतात. शौकिनांचं म्हणणं असं, की जुना वॉर्ट नाकासमोर येत नाही. मध्येच एका बाजूला भरकटतो आणि पुन्हा रेषेवर येतो. किंमत आहे ती या भरकटण्याला.

म्हणून रंगाला हात लावण्याआधी लुअर पाण्यात ओढून बघा. चाल मेलेली असेल तर रंगावर पैसे घालण्यात अर्थ नाही. आणि जुना लाकडी, काचेच्या डोळ्यांचा हेडन कंपनीचा लुअर हाती लागला तर त्याला ब्रशसुद्धा लावू नका, संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत मूळ रंगातच असते. रंगवायचे ते दगडांवर घासून टक्कल पडलेले, ज्यांचं आता काहीच बिघडायचं नाही असे.

हुक आणि ते अडकवायच्या कड्या (स्प्लिट रिंग) काढून नुसतं धड ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि आकडा लिहून ठेवा. मग भांडी घासायच्या साबणाने धुऊन ४०-४५ अंशांच्या कोमट पाण्यात बुडवून धरा. आतली हवा फुगते आणि जोड कुठे उसवला असेल तर तिथून बारीक बुडबुड्यांची माळ निघते. तिथे खूण करा, पूर्ण वाळू द्या आणि पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडा. ही तपासणी टाळली तर पुढे क्लिअरकोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, ओला असताना नेमक्या त्याच जागी फोड येतो.

जुना रंग पूर्ण काढायच्या भानगडीत पडू नका. सुटलेले पापुद्रे नखाने काढा, कडा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने बोटाला लागेनाशा करा, मग ६०० ने सगळीकडची चमक घालवा. अ‍ॅसिटोन, नेल रिमूव्हर किंवा रंगाचा थिनर वापरू नका. अशा लुअरना एबीएस किंवा ब्युटिरेट प्लॅस्टिक असतं, दोन्ही अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतात, आणि पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक लिपला (तोंडाशी पुढे आलेल्या चपट्या पट्टीला) थिनरने केसासारख्या भेगा जातात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात फिरवा आणि त्यानंतर हातमोज्यांशिवाय धरू नका. बोटाचं तेल राहिलं की वरचा थर तिथे डोळे पडल्यासारखा मागे सरतो.

वॉर्टची लिप धडासोबतच ओतलेली असते, त्यामुळे तिच्यावर रंगाचा पातळ हात चालतो. वेगळी पारदर्शक लिप असलेला लुअर असेल तर टेप लावावी लागते. ही टेप काचेवर ठेवून कापा, मग चिकटवा. लिपवरच ब्लेड फिरवलं की ओरखडा राहतो, आणि दगडावर आपटल्यावर लिप तिथेच तुटते.

रंग पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक घ्या. तिकडे बरेच जण क्रिएटेक्स ब्रँडचा वापरतात. ०.३ ते ०.५ मिलिमीटर नोझलची एअरब्रश आणि २५ ते ३० पीएसआय दाब पुरतो. आधी पांढरा बेस द्या, एका जाड हातापेक्षा तीन धूसर हातांत. प्रत्येक हातानंतर हेअर ड्रायर वीत-दीड वीत अंतरावरून, सतत हलवत. जवळ धरला तर आतली हवा तापते आणि कोमट पाण्यात टिकलेला जोडही उघडतो. न तापवता पुढे गेलात तर क्लिअरकोटमधलं सॉल्व्हंट ओल्या रंगाला उचलतं आणि सुरकुत्या पडतात.

वॉर्टचं खरं काम क्रॉडॅडची, म्हणजे तिकडच्या गोड्या पाण्यातल्या झिंग्याची नक्कल. पोट नारिंगी, बगला पिवळट तपकिरी, पाठ गडद ऑलिव्ह, फिक्याकडून गडदाकडे याच क्रमाने. मग प्लॅस्टिकच्या पातळ फाइलमधून कापलेल्या स्टेन्सिलने बगलेवर तीन-चार काळे पट्टे. खवले हवे असतील तर अंघोळीच्या जाळीच्या घासणीचा तुकडा ताणून क्लिपने आवळा आणि सरळ समोरून फवारा. तिरकं फवारलं की रंग जाळीखाली शिरतो आणि खवल्यांचा चिखल होतो. जाळी ओढून काढू नका, सरळ वर उचला. डोळ्यांसाठी खिळ्याचं चपटं डोकं रंगात बुडवून टेकवा : ४ मिलिमीटरचा पिवळा ठिपका, वाळल्यावर त्यात २ मिलिमीटरचा काळा.

बिघडतं ते बहुधा क्लिअरकोटला. दोन भागांचं ३० मिनिटांचं इपॉक्सी घेतलं तर दोन्ही भाग सिरिंजने समान मोजा. डोळ्यांचा अंदाज चुकला की ते कायमचं चिकट राहतं. दोन मिनिटं सावकाश ढवळा, घाई केली की फेस होतो. मऊ ब्रशने लावा आणि मिनिटाला पाच-सहा फेऱ्या घेणाऱ्या मोटरवर दोन-तीन तास फिरत ठेवा, नाहीतर सगळं पोटाशी ओघळतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत वर मेणचट पापुद्रा येऊ शकतो. पूर्ण कडक झाल्यावर साबणाच्या पाण्याने तो निघतो. गाड्यांना मारतात तो टू-के (दोन भागांचा) क्लिअरकोट दिसायला देखणा, पण त्यात आयसोसायनेट असतं. बाहेरची हवा पुरवणारा मास्क नसेल तर घरात तो नकोच.

आता लिहून ठेवलेला आकडा काढा आणि धड पुन्हा तोलून ताडून बघा. एक ग्रॅम इपॉक्सी म्हणजे वॉर्टच्या वजनाच्या जवळपास दहावा हिस्सा, आणि तेवढ्याने चाल सुस्तावते. एकच पातळ हात द्या, दुसऱ्याचा मोह टाळा. लिपची कड मात्र कोरडी ठेवा : ती पाणी कापते, गोल झाली की लुअर नुसता डुलत येतो. दोरा बांधायची कडी आणि हुकच्या कड्या इपॉक्सी घट्ट होण्याआधी तारेने मोकळ्या करा. नंतर ड्रिल फिरवलं तर आजूबाजूचा थर टवका होऊन उडतो.

चोवीस तासांनी मूळ वजनाचेच ट्रेबल (तीन टोकांचे) हुक लावा. जाड तारेचे दणकट हुक आवडतात सगळ्यांनाच, पण ते पोटाशी लंगरासारखे बसतात. लुअर ओढताना कायम एकाच बाजूला पळत असेल तर दोऱ्याची कडी पक्कडीने उलट दिशेला वाकवा, अगदी केसभर, आणि पुन्हा ओढा. मधूनच भरकटून परत येत असेल तर हात लावू नका. आणि विकायचा झाला तर पोटावर बारीक अक्षरात ‘पुन्हा रंगवलेला’ असं क्लिअरकोटच्या खालीच लिहून ठेवा.