सेंट्रिंग उतरवण्याचा दिवस

त्या मुलीची हनुवटी छातीच्या हाडाला टेकलेली होती. ती बारा वर्षांची असताना चुलीपुढे तिच्या ओढणीने पेट घेतला. तालुक्याच्या गावी जखमा भरून आल्या, पण गळ्यावरची जखम भरताना जी आक्रसू लागली ती थांबलीच नाही. खालचा ओठ ओढला गेल्यामुळे तोंड पुरते मिटत नसे, आणि वर पाहायचे झाले तर तिला कमरेतून मागे वाकावे लागे. मी तिला प्रथम पाहिले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. सोबत वडील होते. व्यवसायाने गवंडी, गळ्यात तुळशीची माळ.

मोठी जखम झाली की शरीर तिच्या कडा आत खेचते आणि उरलेली जागा व्रणाच्या ऊतीने बुजवते. जंतू आत शिरण्याआधी दार लावून घेणे एवढेच त्याला महत्त्वाचे वाटत असावे. दार वाकडे लागले तरी चालते. बाहेरची पातळ बाह्यत्वचा कडांकडून पसरत येते, पण तिच्याखालची जाड, लवचीक अंतर्त्वचा एकदा गेली की प्रौढ माणसात आपली आपण पुन्हा उगवत नाही. मान मोकळी करून तिथे मांडीची पातळ त्वचा लावली तर ती पुन्हा आकसते, आणि जाड त्वचा काढली तर मांडीवर कायमचा व्रण राहतो. या मुलीचे खांदे आणि छातीही भाजलेली असल्यामुळे शेजारची त्वचा फिरवून आणण्याची सोय नव्हती. म्हणून आम्ही अंतर्त्वचेचा कृत्रिम साचा वापरायचे ठरवले. त्याच्या खर्चासाठी आमच्या समाजसेवा अधीक्षकांनी किती दारे वाजवली तो निराळाच विषय आहे.

संमतिपत्रावर सही घेण्याआधी मी वडिलांना समोर बसवले, कारण त्यांच्यापासून एक गोष्ट लपवणे मला पटत नव्हते. हा साचा म्हणजे एक स्पंज असतो. त्यातले कोलॅजन हे प्रथिन गाईच्या स्नायुबंधातून काढलेले असते आणि त्याच्या जोडीचा कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हा घटक शार्क माशाच्या कूर्चेतून येतो. माळकरी माणसाला हे सांगताना माझीच जीभ अडखळली. ते बराच वेळ गप्प राहिले.

"ते तिच्या अंगात राहणार का, मॅडम?"

"नाही, काका. थोड्या आठवड्यांत विरघळून जातं. त्याच्या आधारानं तिची स्वतःची कातडी तयार होते. वर सिलिकॉनचा पापुद्रा असतो, तो आम्ही एकविसाव्या दिवशी काढतो."

"म्हणजे सेंट्रिंग," ते म्हणाले. "स्लॅबखालचं आम्हीबी एकविसाव्या दिवशीच उतरवतो." मग मुलीकडे पाहून त्यांनी सही केली. पांडुरंगाला काय सांगायचे ते आपण बघू, असे काहीसे ते पुटपुटले.

उपमा चांगली होती, पण पुरती लागू पडत नव्हती, कारण हे सेंट्रिंग शरीर स्वतःच खाऊन टाकते आणि सगळी कारागिरी त्या खाण्याच्या वेगात आहे. साचा फार लवकर विरघळला तर पेशी येण्याआधीच मांडव मोडतो. फार काळ टिकला तर शरीर त्याच्याभोवती व्रण बांधते. म्हणून कोलॅजनच्या धाग्यांत रासायनिक टाके घालून त्याचे आयुष्य बेतलेले असते. छिद्रांचेही तसेच. मिश्रण गोठवून त्यातला बर्फ निर्वातात उडवून लावतात. बर्फाच्या स्फटिकांच्या जागी साधारण २० ते १२५ मायक्रॉनची छिद्रे उरतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून बारीक छिद्रांत पेशी शिरत नाहीत, आणि फार मोठ्या छिद्रांत त्यांना धरायला पुरेशा भिंती मिळत नाहीत. बोस्टनचे शल्यविशारद जॉन बर्क आणि अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातले अभियंते आयोनिस यानास यांनी १९८१ मध्ये भाजलेल्या १० रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला तेव्हापासून हा मार्ग वैद्यकात आहे. एका शल्यविशारदाने आणि एका पदार्थशास्त्रज्ञाने मिळून हे करावे, यात मला कधीच नवल वाटले नाही. दोघांपैकी एकट्याच्या हातून ते होण्यासारखे नव्हते.

शस्त्रक्रियेच्या सकाळी खरी परीक्षा भूलतज्ज्ञांची होती, कारण मान मागे जात नसल्यामुळे श्वासनलिकेत नळी घालायलाच वाट नव्हती. त्यांनी मुलीला जागे ठेवून, नाकातून लवचीक दुर्बीण घालून ती वाट काढली. त्यानंतर व्रण कापत गेलो तशी मान मागे जाऊ लागली. एका तळहाताएवढी जखम होईल असे मी धरून चालले होते. हनुवटी पूर्ण वर आली तेव्हा ती दोन तळहातांना पुरून उरली. आक्रसलेली जखम सहा वर्षांत किती कातडी गिळून बसते, ते अशा वेळी डोळ्यांना दिसते. सलाइनमध्ये भिजवलेला साचा हातात ओल्या टीपकागदासारखा लागतो. सिलिकॉनची बाजू वर आहे याची त्यावरच्या काळ्या रेषा पाहून खात्री केली, कडा बेतून कापल्या आणि स्टेपल मारले.

पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडले तेव्हा डावीकडे, जबड्याच्या खाली, पापुद्र्याखाली निळसर काळा डाग दिसला. खाली रक्त साकळले होते. एक बारीक रक्तवाहिनी मी दाबून धरली होती, ती थांबली असे मानून पुढे गेले होते, आणि ती थांबली नव्हती; यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. साचा जखमेच्या तळाला चिकटून असेल तरच त्यात केशवाहिन्या शिरतात, मध्ये रक्ताचा थर आला की खालची वाट बंद. मी पापुद्र्यात खिडकी कापली, गाठ धुऊन काढली, पण दोन बोटे रुंदीचा तो तुकडा वाचला नाही. तेवढी जागा उघडी ठेवून ड्रेसिंग करत राहण्यावाचून उपाय नव्हता.

बाकीचा साचा मात्र दिवसागणिक रंग बदलत होता. आधी भडक लाल, मग फिका, मग शेंदरी झाक असलेला पिवळा. वडील रोज दारातून विचारत, "रंग कसा हाय?" एकदा त्यांनी फार गंभीरपणे विचारले, "पाणी मारायचं नाही ना?" सिस्टर तोंडाला पदर लावून हसल्या.

एकविसाव्या दिवशी शस्त्रक्रियागृहात मी चिमट्याने सिलिकॉनचे टोक उचलले आणि हळूहळू मागे ओढले. तो अखंड निघाला. खाली ओलसर, गुळगुळीत, गव्हाळ गुलाबी थर होता. बोटाने दाबला की पांढरा पडे आणि सोडताच रंग परत येई, म्हणजे आत रक्त खेळत होते. त्याच्या शेजारी माझ्या चुकीचा तुकडा होता. तिथे नेहमीची लाल, दाणेदार, हात लागताच रक्त गाळणारी ऊती होती, आणि दोन बोटांची ती जागा सोळा दिवसांत एका बोटाची झाली होती, कडांना सुरकुत्या पाडून. साच्याच्या बाजूची कड जिथे स्टेपल मारली होती तिथेच होती.

मी काही क्षण हत्यार खाली ठेवून नुसती पाहत राहिले. पुस्तकात दोन वेगळ्या रुग्णांची छायाचित्रे शेजारी छापतात, तेव्हा वय वेगळे, जखम वेगळी, हात वेगळा अशा शंका मनात उरतातच. इथे मान एकच, रक्त एकच, जखम एकाच दिवशी एकाच सुरीने केलेली. फरक एवढाच की एका बाजूला पेशींना चालायला चौफेर भिंती होत्या आणि दुसऱ्या बाजूला नव्हत्या. जखम खेचणाऱ्या पेशी एका दिशेने रांग धरून ओढतात; साच्याच्या जाळीत त्यांची रांगच लागत नाही, त्या विखुरतात. यानासांचे हे म्हणणे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. डोळ्यांनी त्या दिवशी पाहिले.

मांडीची ०.२ मिलिमीटरहूनही पातळ त्वचा काढून दोन्ही जागांवर लावली. मांडी दहा-बारा दिवसांत भरली.

सहा महिन्यांनी मुलगी गळ्यात कॉलर घालून तपासणीला आली. कॉलर काढून तिने छताच्या पंख्याकडे पाहिले आणि आता झाडावरचा पक्षीसुद्धा दिसतो, असे सांगितले. त्या त्वचेवर घाम येत नाही, उन्हाळ्यात ती तापते, ही तिची तक्रार खरी होती; घर्मग्रंथी या साच्यातून उगवत नाहीत. जबड्याखाली डावीकडे सुतळीसारखा एक ताठ पट्टा लागत होता. वडिलांनी त्यावर बोट ठेवून विचारले, "एवढंच का राहिलं, मॅडम?" तिथे माझ्या हातून रक्त थांबवायचे राहिले होते, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली. झेड-प्लास्टीसाठी, म्हणजे तो पट्टा Z आकारात कापून सैल करण्यासाठी, तिचे नाव पुढच्या महिन्याच्या यादीत लिहून घेतले आहे.