तुम्ही विचारलंत म्हणून: लाइमच्या रिपोर्टबद्दल

‘टेस्ट करून मोकळं व्हायचं, त्यात तुम्ही एवढी वर्षं संशोधन काय करता?’ गावी आले की हे ठरलेलं. लाइम म्हणजे गोचीड चावल्याने होणारा जंतुसंसर्ग, माझं संशोधन त्यावरच. आणि लगे हात, आपल्या गुरांच्या गोचिडांमुळे लाइम होतो का? नाही. तो पसरवणारी इक्सोडिस गोचीड वेगळी, आपल्या गोठ्यातली ती नव्हे.

मामेभाऊ न्यू जर्सीहून आषाढात पारोळ्याला आला होता, श्रावणातला कानबाईचा सण करूनच परतायचं म्हणून. मांडीवर तळहाताएवढा लाल चट्टा, मधे फिकट. मामी म्हणाली, गजकर्ण. मी फोटो बघून कळवलं, असा चट्टा दिसला की रिपोर्टची वाट बघायची नसते, डॉक्टरांना डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचं विचार. त्याने आधी रक्त दिलं. रिपोर्ट निगेटिव्ह. मामांच्या लेखी विषय संपला. कागदावर शिक्का होता, माझ्याकडे नुसतं बोलणं. ही तपासणी जंतू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे जातात. हे मी फोनवर ओरडून सांगत होते.

कानबाईच्या रात्री रोट खायला बसला, तर पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. डावा डोळा मिटेना. कुणीतरी म्हणालं, वारं गेलं. मामी कानबाईसमोर हात जोडून बसली, आणि मला व्हिडिओ कॉलवर ते सगळं दिसत होतं.

तो लाइमच होता. औषध झालं, चेहरा सरळ झाला. पण तो दरवर्षी टेस्ट करतो आणि ती पॉझिटिव्ह येते. त्याने लिहिलं, ‘ताई, निगेटिव्ह होतो तेव्हा म्हणालीस रोग आहे. आता पॉझिटिव्ह आहे तर म्हणतेस रोग नाही. तुझं शास्त्र नेमकं कुणाच्या बाजूचं?’

बाजू कुणाचीच नाही रे. प्रतिपिंडं वर्षानुवर्षं रक्तात राहतात, म्हणून पॉझिटिव्ह म्हणजे जंतू जिवंत असं नव्हे. तेव्हा मी ठणकावलं होतं की पुन्हा अँटिबायोटिक घेऊन उपयोग नाही, 2001 च्या औषध-चाचण्यांत ती नुसत्या साखरेच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरली नव्हती. आजही तेच म्हणेन. पण त्याचा गुडघा खरंच दुखतो. 2019 मध्ये लाइम-संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यांतल्या पाण्यात जंतूच्या भिंतीचे तुकडे सापडले, औषध झाल्यानंतरही. जंतू मेला तरी शरीर त्या तुकड्यांशी भांडत बसत असेल. त्याच्या गुडघ्यात तेच चाललंय का, मला सांगता येत नाही.

जंतूही साधा नाही. अंगावरचं व्हीएलएसई नावाचं प्रथिन तो बदलत राहतो. आपल्याकडे रायरंद रोज नवं सोंग घेऊन दारात येतो, तसा. उंदरांत तर संसर्ग झाल्यावर जंतूची टिकाऊ ओळख शरीराला लक्षात ठेवायला लावणारी लसिका ग्रंथींतली केंद्रंच लवकर कोसळतात. माझं काम तिथलं आहे. ‘बरा झालास’ असं छातीठोक सांगणारी तपासणी अजून निघालेली नाही, आणि हे कबूल करताना मला लाज वाटत नाही, राग येतो.

गेल्या महिन्यात त्याने पुन्हा रक्त दिलं. देऊ नको म्हटलं होतं.