सॅमनच्या चरबीत ट्रान्सफॉर्मरचं तेल

बडोद्याहून फोन आला की मावशी-काकांचा प्रश्न ठरलेला: तिकडे ताजा सॅमन मिळतो, मग रोजच खात असाल! नाही हो. इथे सिॲटलला राज्याच्या आरोग्य खात्याचा सल्ला असा की, प्युजेट साउंड या इथल्या खाडीतला चिनूक जातीचा सॅमन मासा आठवड्यातून एकदाच खावा. तोच चिनूक मोठ्या समुद्रात न जाता हिवाळ्यातही खाडीतच राहिलेला असेल, म्हणजे इथल्या मासेमारांचा ‘ब्लॅकमाउथ’, तर महिन्यातून फक्त दोनदा. जात एकच, पण चरला कुठे यावर हिशेब बदलतो. सॉकाय या दुसऱ्या जातीचा सॅमन मुख्यतः प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर जगतो, म्हणून त्याच्यावर एवढी बंधनं नाहीत. सरकारी सल्ला इतका नेमका असू शकतो, याचं मला मनापासून कौतुक आहे.

याला कारण पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) हे विष. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या बडोद्याला हे नाव नवं नाही: आग लागू नये म्हणून जुन्या ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरमध्ये भरायचं ते क्लोरीनचं तेल. कॅनडाने ते १९७७ मध्ये आणि अमेरिकेने १९७९ मध्ये बंद केलं, तरी सिॲटलच्या डुवामिश नदीच्या गाळात ते अजून आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मुरतं. प्लवक, ते खाणारा छोटा हेरिंग मासा, त्याला खाणारा चिनूक अशा प्रत्येक पायरीवर खाल्लेलं अन्न जळतं आणि पीसीबी उरतं. सॅमनचं जवळजवळ सगळं वजन समुद्रात वाढतं, त्यामुळे विषही बहुतेक तिथेच साठतं. मग अंडी घालायला तो उपाशीपोटी नदी चढतो. वाटेत चरबी खर्च होते आणि उरलेल्या चरबीतलं प्रमाण आणखी वाढतं. ब्रिटिश कोलंबियात सॅमन खाणाऱ्या ग्रिझली अस्वलांच्या अंगातलं सुमारे ९० टक्के पीसीबी सॅमनमधूनच आल्याचं आढळलं.

सर्वांत वाईट गत ओर्कांची, म्हणजे समुद्रातल्या काळ्या-पांढऱ्या ‘किलर व्हेल’ची. चिनूकवर जगणारा इथला कळप जेमतेम पंचाहत्तरच्या आसपास उरलाय. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातल्या नरांच्या चरबीत किलोमागे सरासरी १४६ मिलिग्रॅम पीसीबी निघालं. सीलच्या बाबतीत १७ मिलिग्रॅमलाच अपाय दिसू लागतो. नरात ते जन्मभर साठत जातं. मादीचं दुधावाटे कमी होतं, म्हणजे पिल्लाच्या पोटात जातं, आणि पहिल्या पिल्लाला सगळ्यात जास्त.

खायचाच असेल तर कातडी, पोटाकडची चरबी आणि कातडीखालचा तपकिरी पट्टा काढून टाका. जाळीवर भाजा, गळलेली चरबी फेकून द्या. आपल्या कालवणात ती सगळी रश्श्यातच राहते. पारा मात्र मांसात असतो, तो अशा साफसफाईने जात नाही.

इथली मंडळी स्वच्छतेवर बोलू लागली की मात्र मला राहवत नाही. हे विष यांनीच बनवलं, जगभर विकलं. आपल्या बडोद्याने १९८३ मध्येच कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मही नदीच्या मुखापर्यंत नेणारा पन्नासहून अधिक किलोमीटरचा कालवा सुरू केला. अर्थात जे विरघळत नाही ते मुखाशीही गाळातच बसतं, हेही खरं. भरूचजवळच्या भाडभूतचा हिलसा मासा सॅमनसारखाच समुद्रातून नर्मदेत चढतो. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीतली मगर वर्षानुवर्षं मासे खाऊन जगते. या दोघांच्या चरबीचे आकडे जातवार, जागेवार दरवर्षी जाहीर व्हायला हवेत.

आणि ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यातल्यांनो, भारताच्या २०१६ च्या आदेशाने पीसीबीच्या वापराची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपवली. खरी गोम ट्रान्सफॉर्मरचं तेल गाळणाऱ्या फिल्टर मशीनमध्ये आहे. एका पीसीबीवाल्या ट्रान्सफॉर्मरचं तेल गाळलं की होसपाइपात उरलेलं तेल पुढच्या साध्या खनिज तेलात मिसळतं. शुद्ध पीसीबी पाण्यात बुडतं, पण अशी भेसळ बुडवून पाहिल्याने कळत नाही. म्हणून मशीन जोडण्याआधी नमुना काढा आणि क्लोरीन किटने तपासा. हाताच्या घामातलं मीठही किटला फसवतं, तेव्हा हातमोजे घाला. किटने क्लोरीन दाखवलं तर नमुना प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफीला पाठवा. किलोमागे ५० मिलिग्रॅमच्या वर निघालं तर ते तेल भंगारवाल्याला देऊ नका.