तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पिकअपला लिफ्ट किट टाकावं का?

टू-व्हील ड्राइव्ह (फक्त मागची चाकं ओढणारा) पिकअप आहे, जुना झालाय, पाणंदीत पोट घासतंय, लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवायचे सुटे भाग) टाकू का आणि टाकलं तर किती इंचाचं, हा प्रश्न मला कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पेट्रोल पंपावर, लग्नाच्या पंगतीत सुद्धा विचारलाय लोकांनी. विचारणारा बहुतेक तरुण असतो, वडिलांची गाडी नुकतीच हातात आलेली, आणि सुरुवात "दादा, चार इंच उचलली तर कशी दिसंल" इथनं होते. एकेकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहितो.

गाडी उचलायच्या आधी ती किती बसलीय ते बघा. इतकी वर्षं ऊस, खत, सिमेंट, वाळू ओढलेली गाडी, तिचे मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसलेले असणारच. गाडी मोकळी करून सपाट फरशीवर लावा, टायरात हवा सारखी भरा, आणि चाकाच्या हबच्या (मधल्या तुंब्याच्या) मध्यापासनं सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासनं मोजू नका, टायर झिजलेला असला की आकडा फसवतो. डावी-उजवी बाजू लिहून ठेवा, आणि तेच मॉडेल पण कमी चाललेली एखादी गाडी सापडली तर तिचंही माप घ्या. दीड-दोन इंचाचा फरक निघाला तर तुम्हाला किट नकोय, तुम्हाला कंपनीनं दिलेली उंची परत पाहिजे. हे ऐकून पोरं जरा नाराज होतात, पण मला ह्याच कामाचं जास्त कौतुक आहे.

पाटे एकदा सोडून बघाच. क्लिप काढून पाटे वेगळे केले की मधनं लाल गंजाची भुकटी पडते, आणि खालच्या पाट्याच्या टोकानं वरच्या पाट्यात नखाला लागेल एवढी खाच पाडलेली असते. पाटा कधीतरी तुटतो तो बऱ्याचदा त्या खाचेतनं, नाहीतर सेंटर बोल्टच्या भोकापासनं. असा खाचा पडलेला पाटा बदलायचाच. बाकीच्यांना कमान काढून घ्यायची असेल तर कारागीर नीट बघा, कारण नुसता गॅसनं लाल करून हातोड्यानं वाकवला की स्प्रिंग स्टीलचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि थोड्याच दिवसांत पाटा परत बसतो. एकतर गार असतानाच कमान काढणारा पाहिजे, नाहीतर तापवल्यावर तेलात बुडवून कडक करून परत टेम्पर करणारा (बेतानं तापवून ठिसूळपणा काढणारा) पाहिजे. कोल्हापूरचं नशीब असं की फौंड्री, मशीन शॉप, हीट ट्रीटमेंट सगळं शिरोली ते गोकुळ शिरगावच्या टापूत आहे, विचारलं तर माणूस सापडतो. त्याच वेळी शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश आणि पिना बदलून घ्या आणि पाटे एक्सलला आवळणारे यू बोल्ट नवीन घ्या, जुने ताणलेले यू बोल्ट परत आवळू नका.

एवढं करूनही उंची कमी वाटत असेल तर मग किटचं बोलू. माझ्या चुलतभावाचा पिकअप फक्त मळ्यात चालतो, त्याला आम्ही दोन इंच उचललं, त्यातनं सांगतो. टू-व्हील ड्राइव्हला पुढचं काम सोपं, कारण पुढच्या चाकांना एक्सलचे शाफ्टच नाहीत. अमेरिकेत तर अशा टू-व्हील ड्राइव्ह ट्रकसाठी लिफ्ट स्पिंडल मिळतात, स्प्रिंगला हात न लावता चाकाची बैठक खाली नेतात. आपल्याकडं मुख्यतः कॉइल स्प्रिंगवर स्पेसर (जाड चकती), नाहीतर टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असेल तर त्याचा बोल्ट आवळणं. कॉइलचा स्पेसर एक इंचाचा असला तरी गाडी एक इंचापेक्षा जास्त उचलते, कारण स्प्रिंग चाक धरणाऱ्या आर्मवर आतल्या बाजूला बसलेली असते, म्हणून दोन इंचासाठी दोन इंची स्पेसर घालायचा नाही. आणि टॉर्शन बार आवळला की उंची मिळते पण चाकाला खाली जायला जागा कमी उरते, खड्ड्यात गाडी आपटायला लागते. दोन्हीत कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) बिघडतात, टायर बाहेरच्या कडेनं खायला लागतं, त्यामुळं अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी गेटच्या बाहेर काढू नका.

मागं ब्लॉक (एक्सल आणि पाट्यांच्या मध्ये घालायचा ठोकळा) नाहीतर जादा पाटा. ओझं ओढायचं असेल तर मी जादा पाटाच सांगीन. ब्लॉक फक्त मागंच, पुढच्या एक्सलला कधीच नाही, आणि ब्लॉकवर ब्लॉक तर अजिबात नाही. एक्सलचा कोन बदलला की प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासनं मागच्या एक्सलला जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, आवाज करतात, शाफ्ट दोन तुकड्यांचा असला तर सेंटर बेअरिंगवर ताण येतो.

आता ज्याच्याबद्दल कोणीच विचारत नाही ते. बऱ्याच पिकअपना मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो, चासीला बसवलेला, त्याचा एक दांडा खाली एक्सलला जोडलेला. माल भरला की चासी खाली येते, दांडा हलतो, आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. तुम्ही गाडी दोन इंच उचलली आणि दांडा तसाच ठेवला तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी मोकळीच आहे, म्हणजे दीड टन माल घेऊन तुम्ही करूळचा घाट उतरताय आणि मागचे ब्रेक मोकळ्या गाडीच्या हिशोबानं लागतायत. हे मी प्रत्येकाला हात धरून सांगतो. दांड्याचं ब्रॅकेट तेवढंच सरकवा, मागचा ब्रेक होज ताणला जात नाही ना ते एक्सल पूर्ण लोंबता ठेवून बघा, आणि मगच रस्त्यावर.

चिखलाचं म्हणाल तर उंची म्हणजे पकड नाही. मागचं डिफरन्शिअल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) टायरच्या मध्यावर असतं, स्प्रिंग कितीही उचला ते जमिनीपासनं तेवढंच राहतं, ते उचलतं फक्त मोठ्या टायरनं. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास साधारण ३० मिलिमीटर वाढतो, म्हणजे डिफरन्शिअल फक्त १५ मिलिमीटर वर. शिवाय स्पीडोमीटर चारेक टक्के कमी दाखवायला लागतो. मोकळ्या पिकअपचं मागचं चाक हलकं असतं, म्हणून ते जागच्या जागी फिरतं. पावसाळ्यात बरोबर एक्सलच्या वर वाळूची चार पोती नीट बांधून टाका आणि चांगल्या नक्षीचे टायर घाला, राधानगरीकडच्या लाल चिखलात ह्याचा उपयोग किटपेक्षा जास्त होतो.

पुराच्या पाण्यात घालायला गाडी उचलणार असाल तर नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असते, २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तिथं दोन इंचानं काय होणार, वाहतं पाणी मोकळ्या पिकअपला बाजूनं ढकलत नेतं.

राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर गाडीत बदल चालणार नाही. पाटे बदलून मूळ उंचीवर आणलेली गाडी ही दुरुस्ती झाली, ब्लॉक आणि स्पेसर हा बदल झाला. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढं गेली की पासिंग दरवर्षी, त्यामुळं रस्त्यावरची गाडी असेल तर काही विकत घ्यायच्या आधी ताराबाई पार्कात आरटीओला जाऊन विचारा, आणि जाताना ते हबपासनं घेतलेलं माप कागदावर लिहून न्या.