गोलात बसण्याआधी काय ठरवायचं

"इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही" हे वाक्य व्यक्तिविकासाच्या शिबिरात सुलभक, म्हणजे सत्र चालवणारा, सवयीने म्हणून जातो. मराठवाड्यातल्या गावात, बचत गटाच्या बायांपुढे ते म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे. गटात दहा ते वीस जणी असतात. त्यात एक दुसरीची जाऊ, तिसरी चुलत सासू, चौथीचे पैसे पाचवीकडे अडकलेले. सगळ्यांचं तोंड आपण कसं धरणार? जे आपल्या हातात नाही त्याची हमी देणं म्हणजे खोटं बोलणं.

त्याऐवजी सरळ सांगावं: "मी आणि माझी सहकारी कुठं बोलणार नाही. तुम्हीही एकमेकींचं बोलू नका. तरीपण गावात कळलं तरी चालेल, तेवढंच इथं सांगा." या बोलण्याला पहिली वीस मिनिटं द्यावीत. नाव, गाव, चहा यांत ती घालवू नयेत. त्यातच 'पास' म्हणून आपली पाळी सोडायची आणि कारण न सांगता उठून जायची मुभा सांगावी. गोल बसला की मोबाईल पिशवीत. फोटो शेवटी, ज्यांना यायचंय त्यांचाच. सरपंच शेजारी उभे असताना विचारलेल्या परवानगीला परवानगी म्हणत नाहीत.

अठराच्या आतलं मूल समोर असेल तर "कुणालाच सांगणार नाही" असा शब्द देऊच नये. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार कुणालाही बंधनकारक आहे. हे मुलाला आधीच, सोप्या भाषेत सांगावं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते आयुष्याची रेघ काढायच्या खेळात. चार्ट पेपरवर वर-खाली रेघ ओढायची, चढ म्हणजे सुख, उतार म्हणजे दुःख. बीड-धाराशिवकडे गोलात आत्महत्याग्रस्त घरातली बाई असणारच, असं धरून चालावं. "सगळ्यात मोठं दुःख दाखवा" म्हटलं की तिला तिथंच जावं लागतं. सूचना बदलावी: "आज सांगायला जड जाणार नाही असा एकच प्रसंग निवडा." दहा मिनिटं रेघ, मग जोडीत प्रत्येकीला दहा मिनिटं, मोठ्या गोलात फक्त जिला वाटेल ती. हे सकाळच्या सत्रात घ्यावं आणि नंतर पाऊण तास मोकळा ठेवावा. शेवटच्या तासात घेतलं की पाचची एसटी गाठायची असते, आणि उकरलेलं मन घेऊन बाई एकटीच घरी जाते.

कुणी रडली तर लगेच खांद्यावर हात ठेवू नये. हळू आवाजात विचारावं, "थांबायचं, का बोलायचं?" तिला बाहेर जायचं असेल तर सहकारी सोबत जाईल, गोल दुसरी सांभाळेल. म्हणून अशा सत्राला एकट्याने जाऊच नये. आणि किती जणी रडल्या यावर शिबिर यशस्वी झालं का ते मोजणं तर आधी बंद करावं. तिसऱ्या दिवशी फोन करून विचारपूस जरूर करावी, पण कोणत्या नंबरवर आणि किती वाजता हे तिलाच विचारून. घरातला फोन बऱ्याचदा मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात असतो.

व्यक्तिविकासाचं काम म्हणजे उपचार नव्हे. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, "जगून काय करू" असं तोंडी येतं, तर जीव द्यायचे विचार येतात का हे स्पष्ट विचारावं. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. 'हो' आलं तर तिला एकटी न सोडता जिल्हा रुग्णालयात न्यावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आणि चोवीस तास चालू असतो. तो सकाळपासूनच भिंतीवर मोठ्या अक्षरात लावावा, म्हणजे एकीलाच चिठ्ठी द्यायची वेळ येत नाही.

लातूरला एकेकट्याशी बोलायच्या कामात पेच वेगळा. फी बाप भरतो, बोलतो वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची तयारी करणारा सतरा वर्षांचा मुलगा. पहिल्या भेटीत तिघांनी बसून ठरवावं: घरी कळणार ते हजेरी आणि जिवाचा किंवा अत्याचाराचा धोका, बाकी काही नाही. "मला डॉक्टर व्हायचं नाही" हे घरी सांगायची तयारी आपण करून घेऊ, सांगेल मात्र तोच. मार्कांची हमी तर द्यायचीच नाही. वडिलांना हे पटत नसेल तर काम घेऊ नये, आणि त्या भेटीचे पैसेही ठेवून घेऊ नयेत.