उतलेन्स्क : यूस्टाडच्या कादंबरीतील एक शब्द

माल्मोला राहायला येऊन दोन वर्षे होत आली, तेव्हा स्थलांतरितांसाठीच्या मोफत स्वीडिश वर्गातील आमच्या शिक्षिकेने मला वर्तमानपत्र बाजूला ठेवून एखादी पोलिसी कादंबरी वाचायला सुचवले. वाक्ये आखूड असतात, संवाद भरपूर असतात आणि पुढे काय झाले ही उत्सुकता वाचणाऱ्याला शब्दकोशाजवळ फार वेळ थांबू देत नाही, असे तिचे म्हणणे होते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या जुन्या पुस्तकांवर आमच्या घरातील दोन पिढ्या वाचायला शिकल्या असल्यामुळे मला ते लगेच पटले. ग्रंथालयातून मी हेनिंग मांकेल यांची १९९१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी घेऊन आले. तिच्या स्वीडिश नावाचा अर्थ 'चेहरा नसलेले खुनी' असा होतो. इंग्रजीत ती 'फेसलेस किलर्स' या नावाने मिळते.

कथा स्कोने या स्वीडनच्या दक्षिण टोकाकडील प्रांतात, यूस्टाड या समुद्रकाठच्या लहान गावाच्या परिसरात घडते. तारीख ८ जानेवारी १९९०. त्या दिवसांत येथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजायच्या आत मावळतो. पहाटेच्या काळोखात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला जाग येते आणि शेजारच्या वस्तीवरची घोडी आज खिंकाळत नाही, हे त्याच्या ध्यानात येते. शेजाऱ्याच्या गोठ्यातील शांततेवरून काहीतरी बिनसले आहे हे ज्याला कळते, तो माणूस शहरातला असू शकत नाही. मला पुस्तकाने पहिल्या पानांतच धरून ठेवले ते यामुळे. शेजारी वृद्ध शेतकरी मारला गेलेला असतो आणि त्याची पत्नी गळ्यात फास आवळलेल्या अवस्थेत जेमतेम जिवंत असते. तपासाला आलेल्या पोलिसांना आणखी एक गोष्ट आढळते, ती म्हणजे मारेकऱ्यांनी जाण्यापूर्वी घोडीला गवत घातलेले आहे.

ती वृद्धा रुग्णालयात मरण पावते. मरण्यापूर्वी तिच्या तोंडून एकच शब्द येतो, 'उतलेन्स्क'.

या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले, कारण तो मला आधीपासून ठाऊक होता. 'उत' म्हणजे बाहेर आणि 'लांद' म्हणजे देश, म्हणून 'उतलेन्स्क' म्हणजे परदेशी. माझ्या पदवीपुढे, माझ्या वाहन परवान्यापुढे तो शब्द मी स्वतःच अनेक अर्जांवर लिहिला होता. मात्र तो विशेषण आहे. परदेशी माणसासाठी स्वीडिशमध्ये वेगळे नाम आहे. मराठीत 'परदेशी' हा एकच शब्द माणसालाही चालतो आणि कापडालाही, त्यामुळे हा फरक आपल्या लगेच लक्षात येत नाही. म्हणजे त्या बाईने परदेशी काय ते सांगितलेलेच नाही. माणूस, भाषा, गाडी की तिच्या गळ्यातील फासाची ती अनोळखी गाठ? विशेषण आले आणि त्याचे नाम तिच्याबरोबर गेले. ते नाम ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे भरून घेतले आणि पुढची सारी कादंबरी त्या रिकाम्या जागेभोवती फिरते. पोलीस हा शब्द दडवून ठेवण्याचा प्रयत्न करतात, तो वर्तमानपत्रांपर्यंत फुटतो, धमक्यांचे फोन येऊ लागतात, निर्वासितांच्या छावणीला आग लागते आणि एका सोमाली माणसाचा खून होतो, ज्याचा त्या शेतवस्तीशी काडीचाही संबंध नाही. तपास अधिकारी कुर्त वालांदर याला आता दोन खूनप्रकरणांच्या मागे एकाच वेळी धावावे लागते. बायको सोडून गेलेली, मुलगी दुरावलेली, वडील वर्षानुवर्षे एकच निसर्गचित्र पुन्हा पुन्हा रंगवत बसलेले आणि रात्री गाडीत ऑपेराच्या ध्वनिफिती, असा हा थकलेला माणूस आहे. वालांदरची ही पहिलीच कादंबरी आणि उत्तर युरोपातील उत्कृष्ट रहस्यकादंबरीसाठीचा 'काचेची किल्ली' हा पुरस्कार प्रथम दिला गेला तो १९९२ साली हिलाच.

मांकेल यांनी हे सारे हवेतून आणलेले नव्हते. आफ्रिकेत बराच काळ घालवून मायदेशी परतल्यावर आपल्या देशात परक्यांविषयीचा द्वेष वाढलेला त्यांना जाणवला आणि त्याविषयी लिहायचे तर गुन्ह्याची कथाच योग्य, असे त्यांनी ठरवले. मे १९८९ मध्ये त्यांनी दूरध्वनीच्या पुस्तकातून नायकाचे आडनाव निवडले. यूस्टाडच्या उत्तरेला लागूनच श्योबो हा तालुक्याएवढा भाग आहे. तेथे सप्टेंबर १९८८ मध्ये निर्वासितांना सामावून घ्यावे की नाही यावर सार्वमत झाले आणि सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी नकार दिला. १३ डिसेंबर १९८९ रोजी, म्हणजे ऐन ल्युसियाच्या सणाच्या दिवशी, सरकारने आश्रयाचे नियम कडक केले. कादंबरीतील ती पहाट त्यानंतर चार आठवड्यांनी उजाडते. पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, ऑगस्ट १९९१ पासून, स्टॉकहोम आणि उप्साला परिसरात एका माणसाने परदेशी दिसणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. जानेवारी १९९२ पर्यंत अकरा जणांना त्याच्या गोळ्या लागल्या, त्यांतील एक दगावला. वालांदरच्या कादंबऱ्यांच्या मालिकेला मांकेल यांनी पुढे 'स्वीडिश अस्वस्थतेविषयीच्या कादंबऱ्या' असे उपशीर्षक सुचवले. ती अस्वस्थता फक्त लेखकाच्या मनात असती, तर खुन्याचा शोध ही माझ्यासाठी केवळ एक गंमत राहिली असती. ती रस्त्यावर होती हे कळल्यावर मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचले.

पुढच्या हिवाळ्यात एका शनिवारी मी यूस्टाडला गेले. माल्मोहून जांभळ्या रंगाची लोकल साधारण पन्नास मिनिटांत तेथे पोहोचवते. वाटेत नांगरून ठेवलेली काळी शेते आणि प्रत्येक वस्तीभोवती वाऱ्यासाठी लावलेली झाडांची रांग दिसते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला हीच शेते मोहरीसारख्या पिवळ्या फुलांनी भरून जातात, पण कादंबरीचा खरा रंग हिवाळ्यातलाच आहे. गावाची वस्ती वीस हजारांच्या आसपास. लाकडी चौकटीत विटा भरून बांधलेली तीनशेहून अधिक जुनी घरे येथे टिकून आहेत, गल्ल्या फरसबंद आहेत आणि बंदरातून पोलंडला व बॉर्नहोम बेटाला बोटी जातात. वालांदर जेथे राहतो ती मारियागातान नावाची गल्लीही खरी आहे. त्या दाराजवळ माझ्याप्रमाणेच आणखी दोघे जण फोटो काढत होते. एवढ्या लहान गावात मालिकेतील इतके खून घडणे अशक्य आहे, हे येथे सगळ्यांना ठाऊक आहे. संपूर्ण स्वीडनमध्ये वर्षाला शंभराच्या आसपास माणसे अशा हिंसेत मारली जातात. परंतु मोठ्या शहरात खून ही बातमी असते आणि लहान गावात तो शेजाऱ्याकडे पाहण्याची नजर बदलतो. लेखकाला ती नजर हवी होती, हे त्या गल्लीतून चालताना मला उमगले.

परतीच्या गाडीपूर्वी मी सांक्ता मारिया चर्चजवळ थांबले. या चर्चच्या मनोऱ्यात आजही रात्रीचा पहारेकरी असतो. सव्वानऊपासून रात्री एकपर्यंत दर पंधरा मिनिटांनी तो चारही दिशांना शिंग फुंकतो. पूर्वी हा पहारा आगीसाठी होता आणि शिंगाचा अर्थ 'सर्व ठीक आहे' असा होता. सव्वानऊला तो आवाज आला. लांबलचक, किंचित घोगरा, आपल्याकडच्या तुतारीपेक्षा पुष्कळ सौम्य. चौकात थांबलेल्या एका आजोबांनी वर पाहून हात हलवला. मनोऱ्यातून कोणाला ते दिसले की नाही, कोण जाणे.

गाडीत बसल्यावर मला माझ्या गावातील एक जुनी गोष्ट आठवली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर दर हिवाळ्यात बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या खोपी पडत. मी चौथीत असताना आमच्या आळीत एका घरी चोरी झाली, दागिने गेले. त्या रात्री कोणी काहीच पाहिलेले नव्हते, तरी सकाळी दूध घालायला येणाऱ्यापासून देवळातल्या गुरवापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते, "बाहेरचं कुणीतरी असणार." खोपीतील दोघांना पोलिसांनी नेले आणि काही दिवसांनी सोडले. ती माणसे आमचीच भाषा बोलत होती. त्यांना 'बाहेरचे' म्हणायला तेवढे पुरे होते की त्यांच्या घरांना दारे नव्हती.

मारेकरी कोण हे मी येथे सांगणार नाही. ज्यांना पुस्तक वाचायचे आहे, त्यांचा तो हक्क आहे. एवढे मात्र सांगते, की मांकेल यांनी द्वेष करणाऱ्यांना सोयीचे उत्तर दिलेले नाही आणि माझ्यासारख्या वाचकालाही दिलेले नाही. मला जे उत्तर हवे होते, ते शेवटच्या पानांत मिळाले नाही आणि याचा मला सुरुवातीला रागच आला. नंतर लक्षात आले, की सोमाली माणसाचा खून अन्याय्य ठरण्यासाठी शेतवस्तीवरचा खुनी कोणत्या देशाचा निघतो याच्याशी काही संबंध असताच कामा नये. लेखकाने माझ्याकडून ती सवलत काढून घेतली.

त्या आठवड्यात आईला फोन केला तेव्हा मी तिला ही सारी कथा सांगितली आणि त्या चोरीविषयी विचारले.

"ते दोघं पुढच्या हंगामाला आलेच नाहीत," ती म्हणाली. "त्यातल्या एकाची मुलगी तुझ्याच वयाची होती. तुझा निळा फ्रॉक मी तिला दिला होता बघ."

"आणि चोर कोण होता, ते कळलं का गं कधी?"

"नाही बाई. नंतर कोणी विचारलंच नाही."